गणित मंडळाला नाही म्हणायला गेलो तेव्हा

...आणि वर मलाच विचारतात, "ट्रेंट, मंडळात तू आपल्या पायांनी गेलास ना, मग आता कुरकुर कसली?" पायांनीच गेलो, मान्य. पण कशाला गेलो होतो ते कोणी विचारतं का? तुम्हाला सांगतो, नाही म्हणायला गेलो होतो मी. गणिताच्या सन्मान मंडळाला नाही म्हणायला जाऊन त्याच मंडळाचा अध्यक्ष होऊन बसलेला माणूस अख्ख्या नेब्रास्कात दुसरा असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडू आणि मग, माझं नशीब माहीत आहे मला, तो डोळे पुसून म्हणेल, तुमच्याकडे एखादी जागा रिकामी आहे का?

तर हे मंडळ म्हणजे काय, की आमच्या कॉलेजात गणितात बरे गुण मिळवणाऱ्या पोरांना त्यात घेतात. नावात तीन ग्रीक अक्षरं. मेणबत्ती पेटवायची, शपथ घ्यायची, मग एक जांभळी फीत मिळते, ती पदवीच्या दिवशी गळ्यात घालून फोटो काढायचा. बास. आता गुण मला मिळाले होते हे खरं, कारण माझं पाठांतर दांडगं, पुस्तकातलं पान जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवायचं आणि शेवटी लेखकाची सही करायची राहिली एवढंच. पण गुण मिळणं वेगळं आणि गणित कळणं वेगळं, नाही का? मला ते कळत नव्हतं. आणि त्याहून मोठी भानगड अशी की मला गणित सोडायचंच होतं.

आमच्या लेनर्डमामाचं गावात अंत्यविधीचं घर आहे. म्हणजे कोणी गेलं की पुढचं सगळं मामा बघतो, शवपेटी, फुलं, खुर्च्या, चर्चपर्यंतची गाडी. शाळेत होतो तेव्हापासून मी सुट्टीत तिथे कामाला. दारात उभं राहायचं, येणाऱ्याचा कोट घ्यायचा, नाव विचारायचं, ते लक्षात ठेवायचं आणि जाताना त्याच नावाने निरोप द्यायचा. मला ते काम आवडतं. हे वाक्य कॉलेजच्या खानावळीत बोलून बघा हं, शेजारचा आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. पण आवडतं त्याला काय करणार? मामा म्हणाला होता, "रीतसर शिक्षण घे, परवाना काढ आणि ये माझ्याकडे." मी ठरवलं, यायचं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं... आणि राहतंच गेलं.

तशात या मंडळाचं बोलावणं आलं. म्हटलं, इथूनच सुरुवात करू, आधी लहान 'नाही' म्हणू, मग घरी मोठं 'नाही' म्हणू. गेलो सरळ स्वोबोडाबाईंच्या खोलीत. प्रोफेसर विल्डा स्वोबोडा, मंडळाच्या मार्गदर्शक. चेक भाषेत स्वोबोडा म्हणजे स्वातंत्र्य, आमचे आजोबा सांगायचे. आता काय बोलायचं? बाई खुर्चीवर चढलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात हे एवढं मोठं जांभळं टेबलकापड. मला बघितलं आणि म्हणाल्या, "बरा आलास. हे टोक धर जरा."

मी टोक धरलं. म्हटलं, "प्रोफेसर, मी हे सांगायला आलो होतो की..."

"सांग की. पण ताणून धर, मधे सुरकुती पडतेय."

मी ताणून धरलं. "मला तुमच्या मंडळात यायला..."

"आवडेल, माहीत आहे मला. तुझ्या आईला तर रडूच आलं."

आईला? आईला कोणी सांगितलं? तर ही बया आणि माझी आई रविवारी चर्चच्या गायनात शेजारीशेजारी उभ्या राहतात. दोन भजनांच्या मधल्या वेळात हिने तिच्या कानात सांगून टाकलं होतं. आणि आमच्या गावात आईच्या कानात सांगणं म्हणजे पाण्याच्या टाकीवर रंगवून ठेवणं. मी घरी पोचायच्या आत मटणवाल्याला माहीत, टपालवाल्याला माहीत, दातांच्या डॉक्टरने मला तोंड उघडायला लावून आधी अभिनंदन केलं आणि मग दात बघितला. आई तर त्या ग्रीक अक्षरांचा उच्चार असा करायची की लोकांना वाटायचं मुलाला काहीतरी आजार झालाय. "आमच्या ट्रेंटला ते झालंय." लोक हळूच विचारायचे, "कधीपासून?"

बघा, नाही म्हणायला गेलो होतो मी, आणि टेबलकापडाचं टोक हातात घेऊन बाहेर आलो. कारण ते धुऊन इस्त्री करून आणायचं कामही मलाच दिलं होतं.

बरं, म्हटलं ठीक आहे, नावापुरता सभासद राहू, मागच्या रांगेत बसू, कोणाच्या नजरेत येणार नाही. पण मागची रांग असायला पुढची रांग लागते ना? पहिल्या सभेला गेलो तर मी, बाई, चिटणीस प्रिसिला योस्ट आणि नेथन ब्रंक. प्रिसिला म्हणजे मंडळाच्या नियमांचं चालतं बोलतं पुस्तक, चालू सभेत शिंक आली तरी हात वर करून परवानगी घेणारी. आणि नेथन... नेथन पिझ्झासाठी यायचा. पोरगं हुशार होतं, इतकं की बाई फळ्यावर गणित लिहीत असतानाच तो मान हलवून उत्तर सांगायचा, पण तोंड भरलेलं असल्यामुळे ते कोणालाच कळायचं नाही.

दुसऱ्या सभेत हातपुसणी संपली. मी म्हटलं, आणतो. खाली गेलो, हातपुसणी घेतली, वर आलो, तेवढ्यात मला अध्यक्ष केलेलं. मी दारातच उभा. म्हटलं, "कोणी निवडलं?" प्रिसिला म्हणाली, "एकमताने." म्हटलं, "मी नव्हतो ना इथे." तर म्हणाली, "म्हणूनच एकमताने. नियमात बसतं, उमेदवाराने मतदानाच्या वेळी बाहेर जावं असा संकेत आहे. तू आपणहून गेलास, आम्हाला फार बरं वाटलं." नेथनने मान हलवली. बाई म्हणाल्या, "ट्रेंट, तुला काही बोलायचंय का?" होतं. बोलायचं होतं. पण तुम्हीच सांगा, तीन माणसं तुमच्याकडे अशा आनंदाने बघतायत, त्यातल्या एकीचा गुडघा दुखतोय, एकीने टाळ्या वाजवायला पेन खाली ठेवलंय आणि तिसऱ्याने चक्क घास खाली ठेवलाय, नेथनने, घास... तुम्ही काय बोलला असतात? मी म्हटलं, "हातपुसणी कुठे ठेवू?"

आणि मग सुरू झालं. अध्यक्ष म्हणून काय काय करायचं असतं माहीत आहे? मार्च महिन्यात पायचा दिवस, तो वर्तुळातला तीन पूर्णांक चौदावाला पाय, म्हणून तिसऱ्या महिन्याची चौदा तारीख. त्या दिवशी पाय, म्हणजे गणितातला नव्हे, खायची पाय असते ना आमच्याकडे, गोड सारणाची, ती प्राध्यापकांच्या तोंडावर फेकायची. फेकणार विद्यार्थी, पुसणार अध्यक्ष. मग मंडळाचे सदरे छापायचे, त्यावर गणिताचा विनोद, तो कळणारी माणसं चार, त्यातला मी नव्हे. मंडळाचा सदरा घालून मी गावातून चाललो की लोक थांबवून विचारायचे, यात हसायचं कुठे? मी म्हणायचो, शेवटी. मग पाहुण्यांची व्याख्यानं. पाहुण्याची ओळख अध्यक्षाने करून द्यायची आणि शेवटी एक प्रश्नही अध्यक्षानेच विचारायचा, कारण दुसरं कोणी विचारत नाही. मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचो, "हे याहून वरच्या मितीत कसं होईल?" मिती म्हणजे काय हे मला आजही सांगता येणार नाही, पण पाहुणा खूश व्हायचा, मला म्हणायचा, नेमका प्रश्न.

एकच काम मला जमायचं. ग्रंथालयात मंडळाचं एक टेबल असायचं, पहिल्या वर्षाची पोरं अडलेली गणितं घेऊन यायची. गणित सोडवायला नेथन, आणि मी शेजारी. कारण काय होतं, पोरं गणित घेऊन यायची आणि दुसऱ्या ओळीपर्यंत रडायला लागायची. नेथनला रडणं बघवायचं नाही, तो कागदाकडे बघत बसायचा. मला सवय होती. मी रुमाल पुढे करायचो, पाणी आणायचो, नाव विचारायचो, म्हणायचो, "घाई नाही, सावकाश." एक मुलगी डोळे पुसून म्हणाली, "तुला गणित किती छान येतं." मी तिला एक आकडाही सांगितलेला नव्हता.

पण वर्गात माझी पार दैना. त्या वर्षी विश्लेषणाचा विषय होता, बाईच शिकवायच्या. त्यात सगळं कशाच्या तरी जवळ जवळ जाण्याबद्दल असतं. तू कितीही लहान अंतर सांग, मी त्याहूनही जवळ येऊन दाखवते, पण पोचणार मात्र नाही. बाई हे फळ्यावर लिहायच्या आणि मला वाटायचं, अरे, हे तर माझंच चाललंय. दर पंधरवड्याला राजीनामा द्यायला बाईंच्या दारापर्यंत जायचो, आणखी जवळ, आणखी जवळ, आणि पोचायच्या आत आतून आवाज, "ट्रेंट का? ही खुर्ची सरकव जरा." खुर्ची सरकव, खडू आण, पाहुण्याला बसथांब्यावरून घेऊन ये. नाही म्हणायला गेलो होतो हो मी, दर वेळी नाही म्हणायलाच जायचो... आणि दर वेळी हातात काहीतरी घेऊन परत यायचो.

घरीही तीच गत. आईने माझा जांभळ्या फितीचा फोटो बैठकीच्या खोलीत लावलेला, येशूच्या चित्राच्या शेजारी, आणि खरं सांगतो, माझा फोटो आकाराने मोठा. जेवताना तोंड उघडावं तर आई म्हणणार, "तुला कल्पना नाही ट्रेंट, आज दुकानात मिसेस योस्ट भेटल्या, म्हणाल्या प्रिसिला तुझं किती नाव काढते." काय सांगणार? की मला त्यातलं काही येत नाही, आणि मला मेलेल्या माणसांच्या घरच्यांना खुर्च्या द्यायच्या आहेत? मी बटाटे पुढे सरकवायचो.

आणि मग आला एप्रिल. एप्रिलमध्ये नव्या सभासदांना घेण्याचा सोहळा. दर वर्षी हा सोहळा म्हणजे बाईंच्या वर्गात मेणबत्त्या आणि दहा मिनिटांत सगळं गुंडाळायचं. पण त्या वर्षी नवे सभासद वर्गात मावेनात इतके झाले. टेबलावर रडून गेलेली निम्मी पोरं यादीत. त्यांचे आईबाप, आजीआजोबा, भावंडं, सगळे येणार. बाई म्हणाल्या, "प्रार्थनाघर घेऊ. तू बघ सगळं." आता मला सांगा, मला सोहळा करायला सांगितला तर मी कसा करणार? मला एकाच प्रकारचा येतो.

खुर्च्या मामाकडून आणल्या, त्या काळ्या, मऊ गादीच्या. फुलंही मामाच्या ओळखीच्या फुलवालीकडून, पांढरी, उंच फुलदाण्यांत. दिवे मंद. ऑर्गनवर आमच्या चर्चची म्हातारी वादक, तिला म्हटलं, काहीतरी शांत वाजवा, तर तिने तिला येणारं शांत ते वाजवलं. आणि मी दारात. काळा कोट, हात पुढे बांधलेले. माझ्या मनात नव्हतं हो, पण दार दिसलं, लोक येताना दिसले की माझा आवाज आपोआप खाली जातो. "या. नाव काय आपलं? कुटुंबासाठी पुढची रांग ठेवली आहे. सावकाश." मिसेस योस्ट हसत आल्या होत्या, माझ्याजवळून पुढे जाईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या रांगेपर्यंत रुमाल निघाले. एका नव्या मुलाचे आजोबा, शेतावरून तसेच आलेले, माझा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "फार तरुण होता का?"

मी म्हटलं, "आजोबा, इथे कोणी गेलेलं नाही. तुमचा नातू गणिताच्या मंडळात येतोय."

त्यांनी पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मग त्याच्या आईला सांगा कोणीतरी. ती बघा कशी रडतेय."

आणि तुम्हाला सांगतो, सोहळा असा झाला की आजवर कॉलेजात तसा झाला नसेल. एकेका मुलाचं नाव मी घेतलं, सगळी पाठ होती, तो पुढे यायचा, मेणबत्ती पेटवायचा, आणि मागे कोणीतरी हुंदका द्यायचं. नेथनलाही रडू आलं. प्रिसिलाने हात वर न करता नाक शिंकरलं. शेवटी सगळे उठून एकमेकांना मिठ्या मारायला लागले. कशासाठी? तर त्यांची पोरं दोन-तीन गणिताच्या परीक्षांत बरे गुण मिळवून बसली म्हणून.

मग खाणंपिणं. आई घरून कोलाचे घेऊन आलेली, आमच्याकडचे मधे जर्दाळू भरलेले गोड पाव, ताट हातात घेऊन सगळ्यांना वाढत होती, मान ताठ. तेवढ्यात लेनर्डमामा आला, खुर्च्या परत न्यायला. मामाचं सगळं काम हलक्या आवाजाचं, त्यामुळे कामाबाहेर त्याला आवाज आवरत नाही. त्याने आल्या आल्या एक कोलाच उचललं आणि सगळ्यांच्या देखत बाईंना म्हणाला, "काय प्रोफेसर, आमच्या पोराला सोडताय ना आता? पानगळीला तो माझ्याकडे लागतोय. त्याचं गणित सुटलं एकदाचं."

ऑर्गनसुद्धा थांबला.

आईच्या हातातलं ताट तसंच. तिने मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता जमीन उघडली तर बरं, निदान ते काम आमच्याच घरचं आहे. आईने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला कधी सांगणार होतास?"

मी म्हटलं, "आई, तू सगळ्या गावाला सांगून बसली होतीस. आता कसं सांगू?"

"मग काय करणार होते मी?" ती चिडलेली नव्हती, तेच वाईट होतं. "तू कॉलेजात गेल्यापासून घरी काही बोलतोस का? जेवतोस आणि बटाटे सरकवतोस. विल्डाने तुझं एवढं एक सांगितलं मला, तेच मी सगळीकडे सांगत सुटले. लेनर्डने हे आधी सांगितलं असतं तर मी हेच सांगत सुटले असते. मला सांगायला काहीतरी हवं होतं रे तुझ्याबद्दल."

रोज लोकांना काय बोलायचं ते मला माहीत असतं बघा, आणि आईसमोर एक शब्द नाही. तीच म्हणाली, "आजी गेली तेव्हा तू दारात उभा होतास. लहान होतास, मामाचा कोट घातला होतास. मी आत आले तर तू माझा हात धरून म्हणालास, या, पुढची रांग कुटुंबासाठी आहे. आईला असं कोणी सांगतं का? पण मला त्या दिवशी दुसऱ्या कोणाचंच बोललेलं आठवत नाही." मग तिने ताट पुन्हा उचललं आणि मामाच्या हातातलं दुसरं कोलाच काढून घेतलं. "तुला नाही," म्हणाली. म्हणजे झालं. आमच्याकडे याला मिटलं म्हणतात.

आता राहिल्या बाई. मी म्हटलं, घरचं मोठं 'नाही' झालं, आता हे धाकटं 'नाही' काय मोठंसं? गेलो त्यांच्यापुढे आणि एका दमात म्हटलं, "प्रोफेसर, मला गणित येत नाही, मी ते सोडतोय, मी नाही म्हणायला आलो होतो, पहिल्याच दिवशी, तुम्ही टेबलकापडाचं टोक हातात दिलंत म्हणून राहिलं."

बाई म्हणाल्या, "तुला येत नाही ते माहीत आहे मला. मागच्या पेपरात सिद्धता अर्ध्यावर अडली तिथे खाली काय लिहिलंस आठवतं? 'आपल्या दुःखात सहभागी आहे.'"

मी लिहिलं होतं. सवयीने.

"माहीत होतं तर मला अध्यक्ष का ठेवलंत?"

त्या एका काळ्या खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "गणित येणारी माणसं मला पुष्कळ मिळाली रे. नेथन आहे, त्याच्या आधी होते, पुढेही येतील. पण तू यायच्या आधी वर्षभर माझ्या सभेला दोघेच यायचे, त्यातला एक पिझ्झासाठी. मंडळ बंद करायचं पत्र मी लिहून ठेवलं होतं. त्या आठवड्यात टेबलकापड काढलं होतं ते घडी घालून ठेवून द्यायला. आणि तू दारात आलास." त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. "तू मुलांची नावं लक्षात ठेवतोस. मला गेली कित्येक वर्षं ते जमलेलं नाही. जा आता. राजीनामा मंजूर."

मंजूर. तुम्हाला सांगतो, इतका मोकळा श्वास मी आयुष्यात घेतला नव्हता. प्रिसिलाने तिथल्या तिथे सभा भरली आहे असं जाहीर केलं, नियमाप्रमाणे, राजीनामा नोंदला, आणि विचारलं, "मग अध्यक्ष कोण?" ती स्वतः पुढच्याच महिन्यात पदवी घेऊन ओमाहाला निघालेली. सगळ्यांनी नेथनकडे बघितलं. नेथनने ताटाकडे बघितलं. नव्या पोरांनी मेणबत्त्यांकडे बघितलं. बाईंनी कोणाकडेच बघितलं नाही, आणि नुसती शांतता... आता मला सगळं चालतं, पण लोक एका खोलीत जमलेले आहेत आणि कोणीच बोलत नाही हे मला सोसत नाही, माझा धंदाच तो आहे, मी कुठून तरी काहीतरी बोलतोच. मी म्हटलं, "मेपर्यंत थांबतो."

टाळ्या झाल्या. ऑर्गन पुन्हा सुरू झाला. प्रिसिलाने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सर्वांनी मान्य केलं.

मी आता मामाकडे असतो, परवाना मिळाला, दारावरच्या पाटीवर मामाच्या खाली माझं नाव आहे, आईने पाटीचाही फोटो लावलाय. आणि अध्यक्ष विद्यार्थीच असावा असा नियम निघाल्यामुळे दर सत्रात कॉलेजात मी पोहणं शिकण्याच्या वर्गात नाव घालतो. पोहता मला पहिल्यापासून येतं. काय झालं, मेपर्यंत म्हटलं मी त्या दिवशी, पण कुठल्या वर्षीचा मे ते बोलायचं राहून गेलं.